जावयाने बसवलेला वेग

नव्वदचं दशक सरत आलं होतं. धाकट्या बहिणीचा नवरा पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला होता. त्याने आपला जुना लॅपटॉप रहिमतपूरला आमच्या वडिलांना भेट दिला. वडील निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना फक्त नळाच्या पाण्याबद्दल नगरपालिकेला अर्ज टाइप करायचे होते, तेही एका बोटाने. तरी जावयाने जाता जाता त्यात एक सॉफ्टवेअर घातलं.

"कंपनीने ठरवलंय त्याहून जोरात पळेल आता, बाबा!"

पळालंच. अर्धा अर्ज होईपर्यंत लॅपटॉप तापायचा, आतला पंखा गिरणीसारखा घरघरायचा आणि पडदा काळा व्हायचा. अर्ज गायब. नगरपालिकेवरचा राग वडील पुन्हा पहिल्या ओळीपासून टाइप करायला घ्यायचे.

"काढून टाकू ते," मी म्हणालो.

आई दचकली. "आरं, जावयानं घातलंय न्हवं? काढलं तर काय म्हनतील?" तिने लॅपटॉप पालथ्या परातीवर ठेवला आणि त्याला विणलेल्या पंख्याने वारा घालू लागली.

वडिलांनी मधला मार्ग काढला. पडद्यावरचं त्या सॉफ्टवेअरचं चित्र पुसलं. "गेलं!" दुसऱ्या दिवशी ते खाली घड्याळाशेजारी लाल ठिपका होऊन हजर.

शेवटी मी लॅपटॉप एसटीने सांगलीला नेला. तिथे मी नोकरी करायचो, आणि एक कॉम्प्युटर क्लासवाला ओळखीचा होता. तो हसला. "चित्र पुसून काय व्हतंय गड्या? पाटी काढली म्हणून भाडेकरू जातोय व्हय?" त्याने आधी सॉफ्टवेअर रीतसर काढलं. मशीन परत चालू केलं, तर ठिपका तिथंच. मग मशीन सुरू होताना आपोआप उठणाऱ्या गोष्टींतून त्याचं नाव खोडलं, मागे उरलेलं फोल्डर उडवलं, आणि पूर्ण बंद करून पुन्हा लावलं. ठिपका नाही. पंखा गप्प.

रहिमतपुरात अर्ज पुरा झाला. वेगात काही फरक पडला असेल तर तो त्या एका बोटाला कळला नाही.

दिवाळीला जावई आले. त्यांनी लॅपटॉप उघडला तशी आई स्वयंपाकघरात सटकली. वडिलांनी घसा खाकरला. "ते... जरा काढावं लागलं. रागावू नका."

"बरं केलंत," जावई करंजी खात म्हणाले. "मी पण माझ्या मशीनमधून कधीच काढलं. फार तापतं."

वडिलांनी चष्मा काढून पुसला. "हे फोनवर सांगता आलं असतं, जावईबापू."

"तुम्ही विचारलंच नाही, बाबा!"

आतून आईचा आवाज आला, "च्या टाकू का?" जावयाला तिने पहिल्यांदाच करंज्यांचा आग्रह केला नाही.