चाळली रे, चाळली!

एवढ्या कादंबऱ्या लिहून माझ्याकडे काय जमलं, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, किस्से! पुस्तकं घरात पडून राहिली, किस्से मात्र गावभर फिरले. लोक कादंबरी वाचत नाहीत, पण तिच्याबद्दल बोलल्याशिवाय त्यांना राहवतही नाही. मग दुसरं होणार काय?

दातार सरांनी मला कॉलेजात मराठी शिकवलं, लिहायची खोडही त्यांनीच लावली. प्रत्येक नवी कादंबरी मी आधी त्यांच्या घरी नेऊन देतो. काही दिवसांनी भीत भीत विचारतो, "सर, वाचली?" सर चष्मा पुसत म्हणतात, "चाळली रे!" पहिली चाळली, दुसरीही चाळली. कादंबरी म्हणजे काय गव्हाचं पीठ आहे? तोंडावर हसतो, पण आत चरफडत असतो. सरांच्या तोंडून एकदा "वाचली" ऐकायचं, एवढ्यासाठी मी लिहीत राहिलो, हे खरं आहे.

*

पहिली कादंबरी छापायला गेली तेव्हा आम्ही नाशिक रोडला राहत होतो. आनंदाच्या भरात शेजारच्या काकूंना ओरडून सांगितलं, "काकू, प्रेसमध्ये गेलं एकदाचं!" आता नाशिक रोडला प्रेस म्हणजे नोटांचीच! काकू तासाभरात पेढे घेऊन हजर. "परमनंट ना रे? मग आमच्या सुनीलचंही बघ की तिथं!" खरं काय ते कळल्यावर काकूंचा चेहरा पडला. पेढे परत नेले नाहीत, हे त्यांचे उपकार.

*

सातपूरच्या कंपनीत मी स्टोअरला होतो. तिथल्या शिफ्टवाल्यांवर दुसरी कादंबरी लिहिली. मशीनशॉपमधला माझा दोस्त भामरे सटाण्याकडचा. पुस्तक हातात घेऊन म्हणाला, "त्यामा मी शे का?"

"आहेस थोडासा."

"मग तेवढ्या पानांवर पेन्सिलीनं खुणा करी दे!"

दिल्या करून! तेवढंच वाचलं आणि आठवडाभर रुसला. "चारच पानं? आणि वर मारलंस बी मला?"

*

मग कांद्याच्या लिलावावर लिहिलं. त्यासाठी लासलगावच्या मार्केटात ट्रॅक्टरांच्या रांगांमधून किती फिरलो असेन! नावात कांदा होता म्हणून ती वाचनालयात शेतीच्या कपाटात गेली. मी तक्रार केली, तर ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "राहू द्या हो तिथंच. कादंबऱ्यांच्या कपाटाकडं कुणी फिरकत नाही. इथं निदान माणसं हात तरी लावतात!"

सरांनी तीही चाळली. कांदा साठवायच्या शेडला आपल्याकडे चाळच म्हणतात, म्हणून त्या वेळी त्यांना माफ केलं.

*

शेवटी संतापून रहस्यकथा लिहिली. म्हटलं, खुनी कोण हे कळायला तरी वाचतील! भामरे भर चौकात गाडी थांबवून म्हणाला, "खून डॉक्टरनं केला ना? मी आधीच ओळखलं होतं!"

माझ्या कादंबरीत डॉक्टर नव्हताच.

बायकोला म्हटलं, तू तरी वाच. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, घरात जे बोलत नाही, ते तुम्ही तिथं लिहिता. वाचलं तर भांडण होईल." वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

*

गेल्या वर्षीची कादंबरी जीव ओतून लिहिली. पेठ तालुक्यातून द्राक्षबागेत मजुरीला आलेली एक बाई. तिचा नवरा कामाला म्हणून गेला, तो परतलाच नाही. शेवटी एकदा तिच्या दारावर थाप पडते. त्या शेवटासाठीच मी सगळी कादंबरी लिहिली होती. तिला पुरस्कार मिळाला, आणि परीक्षक कोण? दातार सर!

स्टेजवर सरांचा आवाज कापत होता. "ही कादंबरी मी वाचली. पुन्हा पुन्हा वाचली." माझे डोळे भरून आले. सर पुढे म्हणाले, "थाप ऐकून ती उठते. 'तिनं दार उघडलं, तर', आणि कादंबरी संपते! अर्ध्या वाक्यावर! हे धाडस माझ्या विद्यार्थ्याने केलं."

मी अर्ध्या वाक्यावर थांबलोच नव्हतो! छापून आलेलं पुस्तक मी कधी उघडत नाही, चुका दिसतात म्हणून. टेबलावरची प्रत उघडली. बाइंडरने शेवटचा फॉर्म लावलाच नव्हता. सोळा पानं गायब! सगळी आवृत्ती तशीच गेली होती, आणि इतक्या महिन्यांत एकाचाही फोन आला नव्हता. "शेवट काय भिडतो हो!" म्हणणारे मात्र पुष्कळ भेटले होते. पहिल्या रांगेत प्रकाशक जोरजोरात टाळ्या वाजवत होते.

सर शाल घालायला जवळ आले. कानाशी वाकून हळूच म्हणाले, "खरं सांग, दारात कोण होतं, हे तुलाही माहीत नाही ना रे?"

"नाही, सर," मी म्हणालो.