पडद्यामागचं बाकडं

जळगाव जामोदच्या दवाखान्यात आधी कशाचीच लपवाछपवी नव्हती. कंपाउंडर ओसरीत उभा राहून नावाबरोबर दुखणंही पुकारायचा. मूळव्याधीच्या माणसानं मान खाली घालून उठायचं आणि बाकीच्यांनी मन लावून बघायचं, अशी रीतच होती. सोयरीक ठरण्याआधी मुलाकडचा माणूस दवाखान्यात चक्कर टाकायचा, मुलीचं दुखणंखुपणं विचारायचा, आणि कंपाउंडर पान चघळत सगळं सांगून टाकायचा. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मुलीची चाल बघायची, केस बघायचे, तसंच हे.

मग नवा डॉक्टर आला. नागपूरहून बदलून आलेला, बारीक आवाजाचा, हट्टी माणूस. आल्या आल्या त्यानं पुकारणं बंद केलं. मागच्या खोलीला जाड पडदा लावला आणि पडद्याआड बायकांसाठी एक बाकडं टाकलं. खरूज असो, ताप असो, प्रत्येकीनं त्याच बाकड्यावर बसायचं, एकेकीनं आत जायचं, आणि सगळ्यांच्या औषधाला एकसारखीच बाटली. कुणाला काय झालंय ते बाहेर कळू नये, एवढाच त्याचा हेतू. गावाला ते मुळीच आवडलं नाही. झाकतो म्हणजे झाकण्यासारखं काहीतरी आहे, असा आमच्या लोकांचा सरळ हिशोब.

त्या बाकड्यावर मी बसायची, कारण माझा कान फुटला होता. शेजारी आमच्या गल्लीतली माझी मैत्रीण बसायची. तिचं कारण तिच्या आईला, डॉक्टरला आणि मला, एवढ्यांनाच माहीत होतं. तिच्या दंडावर एक तांबूस चट्टा होता. एकदा तिनं माझ्यासमोर त्यात बाभळीचा काटा टोचला आणि म्हणाली, "पाह्य, मले लागतच नाही." महारोगाची ती सुरुवात होती. डॉक्टर तिला कडू कवठीच्या तेलाची सुई द्यायचा आणि लवकर आलीस, बरी होशील, म्हणायचा. आम्ही दोघीही लग्नाच्या झालो होतो.

माझे वडील शाळामास्तर. मोताळ्याकडच्या एका चांगल्या शेतीवाडीच्या घरातून मला मागणी आली, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांचेच पाय जमिनीवर नव्हते. मुलाचे वडील स्वतः बैलांच्या दमणीतून आले. मी पोहे दिले, विचारलं तेवढं बोलले, मी त्यांना पसंत पडले. मग रीतीप्रमाणे ते दवाखान्याकडे गेले. परत आले ते बसलेच नाहीत.

"डॉक्टर म्हन्ते, मी कोनाचंच सांगत नाही," ते बाबांना म्हणाले. "मास्तर, चांगल्या पोरीचं सांगाले काय जाते? सांगत नाही म्हंजे काही तरी हाय."

बाबांनी देवाची शपथ घेऊन कानाचं सांगितलं. पाहुणे म्हणाले, सगळेच बाप कानाचंच सांगतात. संध्याकाळपर्यंत ते गावातच नातेवाइकांकडे थांबणार होते. डॉक्टरनं त्यांच्यासमोर एक शब्द सांगितला तर सुपारी, नाही तर दमणी जुंपायची, इतकं स्पष्ट बोलून ते गेले.

बाबांनी मला तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. पडद्याआड मी, डॉक्टर, आणि बाकड्यावर माझी मैत्रीण. तिचा सुईचा दिवस होता.

"तू हो म्हणालीस तर मी त्यांना तुझ्या कानाचं सांगतो," डॉक्टर म्हणाला. "गोष्ट तुझी आहे, तुझ्या वडिलांचीही नाही. पण आज एकीचं सांगितलं, तर उद्या जिचं सांगणार नाही, तिला काय झालंय ते गाव समजून जाईल."

त्यानं बाकड्याकडे पाहिलं नाही. मी पाहिलं. ती फरशीकडे बघत पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. त्या वेळी तिनं सांगू नको म्हणून हात जोडले असते, तर मी चिडून सांगून टाकलं असतं. स्वभावच तसा आहे माझा. पण ती पदरच गुंडाळत राहिली. बाहेर बाबा खाकरले. मला ते घर हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं.

"नका सांगू," मी म्हणाले.

घरी आल्यावर बाबा जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आई चुलीपुढे बसून रडली. नकाराचं कारण मी दोघांनाही सांगितलं नाही; ते सांगणं म्हणजे मैत्रिणीचंच सांगणं. संध्याकाळी दमणी गेली.

माझा कान पावसाळ्याआधीच कोरडा झाला. मैत्रिणीच्या आईनं तिची तब्येत सुधारेपर्यंत युक्तीनं लग्नाची बोलणी लांबवली. हळूहळू तिच्या चट्ट्यात जाणीव परत आली. तोवर गावालाही कळून चुकलं होतं, की हा डॉक्टर खरंच कुणाचंच सांगत नाही. लोकांनी विचारायला जाणंच सोडलं. पण पहिली मी होते, आणि माझ्यावर बसलेला शिक्का काही पुसला गेला नाही. आमच्या दारात पुन्हा कुणाची दमणी थांबली नाही.

तिचं लग्न मात्र थाटात ठरलं. मला खरंच आनंद झाला होता. हळदीच्या दिवशी ती पाटावर बसलेली, आणि सवाष्णींपुढे धरायची हळदीची वाटी माझ्या हातात. मुलाकडच्या एका बाईनं मला न्याहाळून तिच्या आईला विचारलं, "इचं काऊन नाही झालं अजून?"

तिची आई पुढे आली आणि तिनं माझ्या हातातली वाटी काढून घेतली.

"कोनाले मालूम बाई," ती म्हणाली. "दवाखान्यात जात होती म्हन्तात."

पाटावर बसलेलीनं ते ऐकलं. मी तोंड उघडलं. एक वाक्य पुरे होतं, आणि माझी जीभ कधीच बोथट नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरची हळदसुद्धा पांढरी पडल्यासारखी दिसली. मी तोंड मिटलं. मनाचा मोठेपणा वगैरे काही नव्हता, रागानं माझी दातखिळी बसली होती. मी उठले आणि मांडवाबाहेर चालू लागले. मागून मला कुणी हाक मारली नाही, तिनंही नाही.