बोर्डावरचे बारा शुभेच्छुक

माझ्या स्टुडिओत गिऱ्हाइकांसाठी एक काळा कोट टांगलेला असे. पासपोर्ट फोटोच्या वेळी लोक तो शर्टावर चढवत. ढगळ झाला तर मी पाठीमागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावून आवळून घ्यायचो. फोटोत पाठ दिसत नाही. समोरून माणूस साहेब दिसला की माझं काम झालं. नव्वदच्या दशकात कोल्हापुरातल्या एका गल्लीत मी हा धंदा मांडला, तेव्हापासून रोज सकाळी शटर वर केलं की पहिल्यांदा तो कोट मीच घालायचो आणि आरशासमोर उभा राहायचो. बायको म्हणायची, आरशाला आठवड्यातून एक सुट्टी तरी द्या.

मला माझं काहीच पसंत नव्हतं. मी मूळचा कबनूरचा. घरात चार माग होते, आणि मागांच्या खडखडाटात वाढलेला माणूस ओरडूनच बोलतो. कोल्हापूरसुद्धा काही हळू बोलणारं गाव नाही, पण माझ्या ओरडण्याला वजन नाही असं मला वाटे. म्हणून व्यक्तिमत्त्व घडवण्याची पुस्तकं आणली. सावकाश आणि खालच्या पट्टीत बोला, असं त्यांत होतं. पंधरा दिवस तसं बोललो, तर शेजारणींनी बायकोला विचारलं, मालकांना बरं नाही का. तरी गिऱ्हाइकांपुढं तो आवाज मी सोडला नाही. मग मिशी वाढवली, उतरवली, पुन्हा वाढवली. चालताना दंड अंगापासून जरा लांब धरू लागलो, तालमीतली पोरं धरतात तसे. तालमीत मात्र एक दिवस गेलो नाही.

हा सगळा खटाटोप एका शब्दापायी चालला होता. गल्ली मला पावणं म्हणायची. अनोळखी माणसाला आमच्याकडे पावणं म्हणतातच, त्यात वाईट काही नाही. पण पहिल्या वर्षी ठीक, बाराव्या वर्षीही? माझी मुलगी इथल्या शाळेत जायला लागली, गणपतीच्या मिरवणुकीचे फोटो दरवर्षी मी फुकट काढले, निम्म्या गल्लीच्या लग्नाचे अल्बम माझ्या हातचे. तरी हाक यायची ती ‘ओ फोटोवालं पावणं’ अशीच. ती ऐकली की दिवसभर जिवाला चैन नसे. मला गल्लीतला माणूस व्हायचं होतं, आणि नुसता माणूस नाही, चार लोक ज्याला ओळखतात असा माणूस.

दोन हजार साल उलटलं आणि चार-पाच वर्षांत गावात डिजिटल बोर्डांचं पेव फुटलं. ज्याचा वाढदिवस त्याचा चौकात भला मोठा फोटो, खाली शुभेच्छुकांचे छोटे छोटे फोटो ओळीनं. रीत अशी की बोर्ड मित्रांनी लावायचा आणि आपण संकोचल्यासारखं करायचं. माझी दोन वर्षं वाट बघण्यात गेली. तिसऱ्या वर्षी मीच माझा बोर्ड करायला घेतला.

फेटा बांधला, काळा गॉगल लावला, स्टुडिओतला तोच कोट घातला आणि स्वतःचा फोटो काढला. वर लिहिलं, ‘धडाडीचे युवा नेतृत्व’. वय छत्तीस. शुभेच्छुकांची बाराची ओळ आखली आणि गल्लीत विचारायला निघालो. नऊ जण हो म्हणाले. पहिला मान तालमीच्या म्हाताऱ्या वस्तादांना दिला, कारण गल्लीत त्यांचा शब्द चाले. तीन चौकटी मात्र मोकळ्याच राहिल्या, आणि पडलेल्या दातांसारख्या त्या मला खुपायला लागल्या. लोक म्हणतील, याला बारा माणसंही मिळाली नाहीत. शेवटी कॉम्प्युटरमधले गिऱ्हाइकांचे जुने फोटो उघडले आणि तीन भारदस्त चेहरे निवडून बसवून टाकले. शाहूवाडीकडची माणसं, कधीतरी एकदा येऊन गेलेली. ती कशाला चौकात येऊन बघतायत, असं मनाला समजावलं. त्यातल्या एकालाही मी विचारलं नाही.

बोर्ड लागला त्या दिवसापासून माझं बूड दुकानात टेकेना. दर अर्ध्या तासाला चौकातल्या चहाच्या गाड्यावर जाऊन उभा राहायचो. कोण वर बघतं, किती वेळ बघतं, हसतं का. लोक बघत, पण आपापल्या कामाला निघून जात. वस्ताद आले, गॉगलपासून फेट्यापर्यंत सगळं निरखलं आणि म्हणाले, “फोटू झ्याक आलाय, पावणं.” मी तिसरा चहा अर्धा टाकून दिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानाच्या पायरीशी एक बाई येऊन थांबल्या. साठीच्या असाव्यात, कपाळ मोकळं. शाहूवाडीकडच्या एका खेड्यातून पलीकडच्या गल्लीत लेकीकडे आल्या होत्या. चौकातल्या बोर्डावर त्यांना त्यांच्या मालकांचा फोटो दिसला होता, आणि चहावाल्यानं फोटोवाल्या पावण्याकडं जा म्हणून माझ्याकडे धाडलं होतं.

छापणाऱ्याची चूक झाली असणार, मी विचारतो त्याला, असं काहीतरी खोटंनाटं बोलायला लागलो. बाईंनी ते मनावर घेतलं नाही.

“शिमग्याच्या आदी गेलं ओ ते,” त्या म्हणाल्या.

मेलेल्या माणसाकडून मी वाढदिवसाच्या शुभेच्छा घेतल्या होत्या, त्याही त्याच्या बायकोच्या डोळ्यांदेखत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्ताच्या आत्ता उतरवतो म्हणालो आणि कोपऱ्यातली शिडी उचलली.

“काढू नका म्हणूनच आलतो,” त्या म्हणाल्या. “लेकरं रविवारी यायची हायती. त्यांस्नी दावायचा हाय. मग काढशीला तवा त्यांचा तेवढा तुकडा मला द्या.”

मी शिडी ठेवली. त्यांना बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. घरात मालकांचा एकही फोटो नव्हता. काढायला म्हणून ते कधी उभे राहिले नव्हते, आणि कसल्याशा फॉर्मसाठी माझ्याकडे काढले ते सगळे फॉर्मांना चिकटवून संपले होते. बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, त्यांना तुम्ही हसवलं कसं? चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी मालकांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मला काही म्हणजे काही आठवेना. मी सगळ्यांनाच हनुवटी खाली घ्या म्हणायचो, सगळ्यांचीच थट्टा करायचो. कोटाला पाठीमागून चिमटे लावताना कुणी हसलं असेल. हे मी त्यांना सांगितलं, तर त्या खिळ्यावरच्या कोटाजवळ गेल्या आणि त्याची बाही थोडा वेळ हातात धरून उभ्या राहिल्या.

त्या जायला निघाल्या. मी पायरीपर्यंत सोडायला गेलो. समोर चौकात माझा बोर्ड दिसत होता, त्यावर माझं नाव हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं, पण बाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी तिकडे बघितलं, मग वळून माझ्याकडे बघितलं. माझी मिशी, माझा चेहरा, सगळं त्यांच्यापासून दोन हातांवर होतं.

“आणि त्यो मदला मोठा फोटू कुणाचा हाय ओ?”

बारा वर्षांत कमावलेला खालच्या पट्टीतला आवाज त्या वेळी कुठं गेला कोण जाणे. मी कबनूरच्याच आवाजात बोललो.

“हाय एक पावणं,” म्हणालो.