रुमादादांनी खोडायला लावलेला आकडा

रुमादादा गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी कचेरीत एका लागवडीचे आकडे मोबाईलमध्ये भरत होते. बोट थांबलं... पुढचा आकडा भरवेना. त्याला आता सव्वा महिना झाला.

मी म्हसावदची, घरातली पहिली पदवीधर. लावलेल्या जंगलात किती रोपं जगली, हे मोजायचं कंत्राटी काम मला मिळालं. काठी गावाच्या अलीकडच्या डोंगरावर लागवडीचे राखणदार रुमादादा सोबत होते. पहिल्या दिवशी हिरवं दिसेल ते मी मोजत गेले. जवळजवळ सगळं जिवंत! सोबत आलेले कचेरीतले साहेब खालून, गाडीजवळून ओरडले, "ताई, सही करी टाक ना! उशीर व्हई ऱ्हायना."

रुमादादा एका सागाच्या बुडाशी बसले आणि बोटांनी माती उकरू लागले. खाली तोडलेला जुना खुंट निघाला.

"मास्तरीण, कागद शिकलीस, माती नाय शिकलीस. हे लावलेलं नाय, खुंटाचं पोर आहे. आपोआप फुटलं."

"मग लावलेलं कुठंय?"

त्यांनी शेजारचा खड्डा दाखवला. त्यात नुसती वाळकी काडी होती. "हे. खड्डा मीच खांदला."

एवढी रोपं मेली असं लिहिलं, तर पहिला जाब राखणदारालाच विचारणार, त्यांचं काम जाणार. मी हळूच म्हटलं, "दादा, राहू द्या... हिरवं तर आहेच ना."

ते चिडले. "मेलेलं जितं लिहिलं, तर त्या जागी नवं लावून नांग्या कोण भरंल? वरचे म्हणतील, सगळं जगलंय!"

खाली हॉर्न वाजत राहिला. आम्ही पुन्हा पहिल्या ओळीपासून निघालो, प्रत्येक बुडाशी बसत. निम्म्याहून जास्त खड्ड्यांत काड्याच निघाल्या. मी आधीचा आकडा खोडला, नवा लिहिला आणि सही केली.

पुढच्या पावसात मेलेल्यांच्या जागी नवी रोपं आली. राखणदारही नवा आला. रुमादादा मजुरीला गुजरातेत गेले. माझ्यावर ते कधी रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त ओझं वाटतं.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेले. पाणी विचारायच्याही आधी त्यांच्या बायकोने दारातच विचारलं, "नवी लावलेली किती मेली?" दुःखाचं घर... सगळी जगली, असं ओठांवर आलं होतं. मी नव्या मोजणीचा कागद काढला आणि ओळीओळीने मेलेली सांगत गेले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग आतून खाट ओढून आणली.

"बस," म्हणाली.