शुभाताईंची शिवण

हे मी नवऱ्यालाही बोललेले नाही. तुम्हाला सांगते, पण सुरुवात कुठून करू — बाहेरून येणाऱ्या शर्टांपासून, की माझ्यापासून?

विठ्ठलवाडीला आमचं शर्ट शिवायचं युनिट होतं. शुभाताई कॉलर लावायच्या. मी चेकर, तयार माल तपासायचे. हे काम मला त्यांनीच मिळवून दिलेलं. मग शेजारच्या देशांशी करार झाला, बांगलादेशच्या शर्टांवरची आयातीची ड्युटी उठली. तिकडचा तयार शर्ट आमच्या शिलाईहून स्वस्त पडायला लागला. मालक मशिनं कमी करत गेले. एक दिवस मला म्हणाले, "शुभाताई सगळ्यांत जुन्या, उगाच काढलं तर बायका ऐकणार नाहीत. त्यांच्या मालात काहीतरी दाखव. नाहीतर दोन-दोन चेकर तरी कशाला हव्यात?"

मी दाखवलं. आठवडाभर चांगल्या कॉलरवर, वाकडी लागली म्हणून, खडूने फुल्या मारल्या. शुभाताई शर्ट खिडकीशी नेऊन बघायच्या. "मला तर सरळच दिसते गं." मी म्हटलं, "ताई, नजर कमी झाली असेल तुमची."

हे वाक्य मालकांनी सांगितलेलं नव्हतं. ते माझं.

त्या आपणहून गेल्या — मालकांची माफी मागून.

आता तिथे एकही मशीन नाही. बाहेरच्या शर्टांचे गठ्ठे येतात, मी तपासते, टॅग लावते. त्यावरच मुलगी शिकली. ती म्हणते, लोकांना स्वस्त कपडे मिळतात, वाईट काय त्यात? करारामुळे बायकांची कामं गेली, त्याच करारावर मी टिकले. मग शुभाताईंचं काम कुणी घालवलं? ते जाणारच होतं, असं वाटतं कधी. पण ती फुली?

मागच्या महिन्यात त्या शहाडला भेटल्या. नातीच्या फ्रॉकचं कापड टेलरकडे द्यायला निघालेल्या. घरची मशीन कधीच विकली म्हणाल्या. डोळे तपासले, नंबर निघाला नाही, म्हणजे हातच बिघडला असणार. "तू सांगितलंस ते बरं झालं. लोकांचे कपडे खराब करत बसले असते."

मी त्यांच्याबरोबर दुकानापर्यंत गेले. टेलर एका कुर्त्याला इस्त्री करत होता. शुभाताई दारातूनच म्हणाल्या, उजवी बाही सूतभर लांब आहे. त्याने टेप लावली. होती.

त्या माझ्याकडे बघून हसल्या. मी म्हटलं, "ताई, कापड देऊन टाका, उशीर होतोय."