कोळशाच्या आत

वायूने भरलेला कोळसा आणि रिकामा कोळसा डोळ्यांना सारखाच काळा दिसतो. क्ष-किरणांच्या चित्रात मात्र त्याच्या छिद्रांत शिरलेला जड वायू पांढरा उजळतो. आज आम्ही तो वायू पंपाने ओढून घेतला. कणाच्या कडा काळ्या झाल्या, पण अगदी आतल्या छिद्रांत पांढुरकं काहीतरी चिकटून राहिलंच.

प्रयोगशाळेतल्या माझ्या सहकारी सुमनताई पडद्याकडे बघत होत्या. मुलगा गेल्यानंतरचा त्यांचा कामावरचा हा पहिला दिवस. सकाळपासून जो तो त्यांना सांगत होता, "रडून घ्या, मोकळं वाटेल." कसलं मोकळं! आतलं असं ओढून निघतं होय?

"तापवल्याशिवाय कोळसा हे सोडणार नाही," मी सवयीने बोलून गेलो.

ताईंनी भट्टीच्या बटणावर हात ठेवला. "अजून किती तापवायचं?" त्यांनी विचारलं.

आकडा मला ठाऊक होता, तरी मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो.