लाखेच्या सीलमधली गोणी

ती घटना आठवली की आजही मी थक्क होतो, आणि थोडा ओशाळतोही.

शहापूर तालुक्यात फौजदार म्हणून नेमणूक असताना पोलीस ठाण्यात निनावी अर्ज आला. शेणव्याकडच्या एका भात खरेदी गोदामाचा राखणदार चोरी करतो, असं त्यात लिहिलं होतं. आम्ही पंचांसमक्ष वजनं घेतली. महिन्याभरापूर्वी भरलेली प्रत्येक गोणी दीड-दोन किलोनं कमी भरली, पण एकीचीही शिवण उसवलेली नव्हती. चोर हुशार आहे, सगळीकडून थोडं थोडं काढतो, असं मी ठरवूनच टाकलं.

राखणदार डोंगरातल्या पाड्यावरचा, पन्नाशीचा. चार तास बसवलं तरी त्याचं एकच म्हणणं.

"साहेब, मी दाणा नाय उचलला. भात सुकलंय."

"सुकून एवढं जातं होय रे?" मी हसलो. जबाबाखाली शेरा मारला, 'उडवाउडवीची उत्तरे देतो.' अटक झाली तर त्याची नोकरी जाणार होती आणि पाड्यावर तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी एक तरुण बाई ठाण्यात आल्या. शेतीच्या अर्थशास्त्रावर संशोधन करणाऱ्या. भाव पडलेला असतानाही शेतकरी मळणी होताच भात का विकतो, हा त्यांचा विषय. त्याच गोदामातली एक गोणी त्या दर सोमवारी तोलत होत्या. वही पुढे करून म्हणाल्या, "थांबलं तर भाव चढतो साहेब, पण वजन उतरतं."

माझा विश्वास बसेना. ताज्या मळणीची एक गोणी आणवली, तोलली, पंचनामा केला आणि लाखेचं सील लावून मुद्देमाल खोलीत ठेवली. किल्ली माझ्या खिशात. तोवर अटक थांबवली.

महिन्याभरानं म्हसा गावच्या जत्रेचा बंदोबस्त उरकून परतलो. राखणदार आणि त्या बाई, दोघांना बोलावलं आणि गोणी सीलसकट पुन्हा तोलली. पावणेदोन किलो कमी! मी सील तीनदा तपासलं, कुठे चीर नाही. पोलीस ठाण्यात, माझ्या कुलपात, कोणाचा हात न लागता भात घटलं होतं. चोर धरायचाच तर मला धरावं लागलं असतं. इतकी वर्षं भात खाल्ला, आणि हे मला ठाऊक नव्हतं!

"बाई, हे तुम्हाला सुचलं कसं?"

त्यांनी राखणदाराकडे पाहिलं. "या काकांनीच पहिल्या दिवशी सांगितलं. मग मी तोलायला लागले."

"मी तुमालाबी सांगलेलं, साहेब," तो हळूच म्हणाला.

मी फाईल उघडून त्याचा जबाब काढला. पहिल्याच ओळीत सगळा तपास होता, आणि खाली माझा शेरा, सहीसकट.